मळलेल्या पानांचे सण

जुन्या इंग्रजी प्रार्थनापुस्तकाचं शीर्षकपान गळालेलं असलं, की त्याचं वय काढायला मी दोन ठिकाणी बघते. एक, राज्यकर्त्यासाठीच्या प्रार्थनेत नाव कोणाचं आहे: जॉर्ज, विल्यम की व्हिक्टोरिया. दुसरं, शेवटाकडे पाच नोव्हेंबरची उपासना आहे का. १६०५ साली लंडनच्या पार्लमेंटखाली बंदुकीच्या दारूची पिंपं ठेवून राजाला उडवण्याचा बेत फसला, त्याबद्दल देवाचे आभार मानायचा हा दिवस चर्चच्या अधिकृत पुस्तकात सणासारखा ठाण मांडून बसला होता. १८५९ साली राणीच्या हुकमानं तो काढून टाकला. म्हणजे ती उपासना सापडली, की पुस्तक साधारण त्याआधीचं. पुण्याच्या कॅम्पात, दिवाळीच्या आगेमागे, पलटणीतले गोरे शिपाई लंडनच्या तळघरातल्या दारूगोळ्यावरून गुडघे टेकून आभार मानत असतील, ही कल्पना मला भारी गमतीची वाटते.

मी पुण्यातल्या एका जुन्या ग्रंथालयात तालिकीकरणाचं, म्हणजे पुस्तकांच्या नोंदी करण्याचं, काम करते. दुर्मिळ विभाग म्हणजे जिना चढून गेल्यावरची एक लांबट खोली, काचेची कपाटं, वेखंडाच्या पुरचुंड्या आणि कसरीनं जाळी करून ठेवलेली पानं. आमचं घर मराठी ख्रिस्ती, मूळचं नगरकडचं. नाताळला करंज्या-चकल्यांचा फराळ, उत्तम शुक्रवारी दुपारी बारा ते तीन येशूच्या क्रुसावरच्या सात उद्गारांवरचे सात उपदेश (त्यातला पाचवा नेहमी लांबतो), ईस्टरला पहाटेची उपासना. हे सगळं वर्षानुवर्षं अंगवळणी पडलेलं. त्यामुळे या खोलीत मी सण शोधते, हे ओघानंच आलं.

शोधण्याची माझी पद्धत शास्त्रीय नाही. अनुक्रमणिका उघडायच्या आधी मी पुस्तक बंद ठेवून कडेनं बघते. जिथे कडा काळवंडलेली असते, तिथली पानं माणसांनी वापरलेली असतात. प्रार्थनापुस्तकात हे काळे पट्टे ठरलेल्या जागी येतात: नाताळ, ईस्टर, लग्नविधी आणि मर्तिकविधी. नाताळाच्या पानावर मेणाचे थेंब हमखास. राखेच्या बुधवारचं, म्हणजे ईस्टरआधीचा उपवासकाळ सुरू होतो त्या दिवसाचं, पान मात्र बहुधा कोरं करकरीत. पश्चात्तापाला गर्दी कमी असते, हे कागदावर लिहून ठेवल्यासारखं दिसतं.

आणखी एक पान हमखास मळलेलं असतं, आणि ते कोणत्याच सणाचं नसतं. ईस्टर कधी येणार हे काढायचा तक्ता. १६६२ च्या इंग्रजी प्रार्थनापुस्तकात हे तक्ते अगदी सुरुवातीलाच आहेत. १७५२ साली इंग्लंडनं दोन सप्टेंबरनंतर एकदम चौदा सप्टेंबर मोजला, तेव्हा तेही बदलावे लागले. पहिल्यांदा बघणाऱ्याला तो तक्ता पंचांगाचंच पान वाटावा. वाटेना का, आहेच तो पंचांग. २१ मार्चला किंवा त्यानंतर येणारी पहिली पौर्णिमा धरायची आणि तिच्या पुढचा रविवार म्हणजे ईस्टर. ही पौर्णिमा आपल्या हिशेबानं एक तर फाल्गुनातली निघते, नाही तर चैत्रातली. म्हणजे ईस्टरच्या आधी एक तर होळी झालेली असते, नाही तर हनुमान जयंती. २०२२ साली हनुमान जयंती शनिवारी आणि ईस्टर दुसऱ्याच दिवशी. २०२४ साली उत्तम शुक्रवारच्या दुसऱ्या दिवशी रंगपंचमी. आमच्या गल्लीतली ख्रिस्ती पोरं त्या शनिवारी रंगून आली आणि घराघरांत त्यावरून बोलणी खाल्ली. पौर्णिमा चर्चच्या कोष्टकातली असल्यामुळे आकाशातल्या चंद्राशी तिचा एखाद्या दिवसाचा फरक पडतो, पण पंचांगकर्त्यांमध्येही असे वाद काही कमी नाहीत.

त्या तक्त्यात एकपासून एकोणीसपर्यंत आकडे असतात. चंद्र आणि सूर्य यांचा हिशेब एकोणीस वर्षांनी पुन्हा जुळतो, म्हणून हे चक्र. आपल्याकडे एकोणिसाव्या वाढदिवशी तिथी आणि तारीख एकत्र येते असं आजी सांगते, तेच हे गणित. माझ्या हाताखाली शिकायला आलेल्या मुलीला मी हा तक्ता दाखवला तेव्हा ती म्हणाली, “ताई, मग तुमचं-आमचं वेगळं काय?” मी म्हटलं, रविवार.

मराठी पुस्तकांच्या कपाटाशी आलं की मात्र कोडं पडतं. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातली प्रॉटेस्टंट मराठी पुस्तकं मी बरीच हाताळली. छोटी, हलक्या कागदाची, प्रश्नोत्तरांची, वादविवादांची. त्यांत शिमग्यावर टीका मिळते, जत्रेतल्या नवसांवर टीका मिळते. स्वतःच्या सणाबद्दल मात्र ही पुस्तकं गप्प. मराठीत बायबल आणण्यासाठी ज्यांनी आयुष्य घातलं, छपाईचे खिळे पाडले, व्याकरणं लिहिली, ती माणसं ख्रिस्तजन्माची गोष्ट छापतात, पण ख्रिस्तजन्माचा दिवस साजरा करताना दिसत नाहीत. असं का?

उत्तर त्यांच्या गावी सापडतं. गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी १८१३ साली मुंबईत उतरले. १८३१ पासून त्यांच्या मिशनचं ठाणं नगरला होतं आणि १८४२ साली तिथूनच ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक निघालं. या मिशनच्या मुळाशी न्यू इंग्लंडची प्युरिटन परंपरा. बायबलमध्ये पंचवीस डिसेंबरचा उल्लेख नाही, सबब हा सण माणसांनी उभा केलेला आणि म्हणून त्याज्य, असं त्या परंपरेचं म्हणणं. मॅसॅच्युसेट्सनं तर १६५९ साली नाताळ पाळणाऱ्याला पाच शिलिंग दंड ठेवला होता. तो कायदा १६८१ साली गेला, पण तिथे नाताळची अधिकृत सुट्टी व्हायला १८५६ उजाडलं. दुसरे आले ते स्कॉटिश, १८२३ साली बाणकोटला. त्यांची तऱ्हा तीच. स्कॉटलंडमध्ये नाताळ सार्वजनिक सुट्टीचा दिवस झाला १९५८ साली! आपल्या सरकारी दिनदर्शिकेत तो त्याआधीपासून आहे, हे आठवलं की मला हसू येतं. मराठी छापील प्रॉटेस्टंट वाङ्मयाचा पाया ज्यांनी घातला, त्या दोन्ही मंडळ्या सणांकडे संशयानं बघणाऱ्या होत्या. मग मराठी नाताळ आला कुठून?

थोडं मागे, आणि दक्षिणेला जावं लागतं. टॉमस स्टीफन्स हा जेझुइट या कॅथलिक संघातला इंग्रज पाद्री १५७९ च्या ऑक्टोबरात गोव्याला पोचला. तीनच वर्षांनी पोप तेराव्या ग्रेगरीनं कॅलेंडरातले दहा दिवस कापले. म्हणजे या माणसानं सणांच्या तारखा डोळ्यांदेखत सरकताना पाहिल्या. गोव्यातल्याच सासष्टीत राहून त्यानं मराठी अशी कमावली, की त्याचं ‘ख्रिस्तपुराण’ ओवीबद्ध झालं, जवळजवळ ११,००० ओव्यांचं. पहिल्या पुराणात सृष्टीपासूनची जुन्या कराराची कथा, दुसऱ्यात ख्रिस्तचरित्र. पहिली आवृत्ती १६१६ ची, राचोलची. पुढे १६४९ आणि १६५४ च्या. देवनागरी खिळे नव्हते म्हणून रोमन लिपीत छापलं. त्यातली मराठीची थोरवी गाणारी एक ओवी शाळेपासून सगळ्यांना पाठ असते, भाषणात ती म्हटली की टाळ्या पडतात, आणि बहुतेकांची ओळख तिथेच संपते. हा त्या ग्रंथावर मोठा अन्याय आहे. मला त्याचा आरंभ जास्त आवडतो: “वो नमो विश्वभरिता, देवा बापा सर्वसमर्था”. बाप हा शब्द इतक्या सहज देवाला जोडलेला ऐकला, की नगरकडच्या आमच्या म्हाताऱ्या माणसांचं प्रार्थनेतलं बोलणं कानात येतं.

हे पुराण लिहिलं का गेलं, ते ग्रंथातच आलं आहे. नवख्रिस्ती झालेल्या एका ब्राह्मणानं पाद्रीगुरूला विचारलं, की आमची जुनी पुराणं तुम्ही बंद केलीत, मग तशी दुसरी का देत नाही? प्रश्न धर्मतत्त्वांचा नव्हताच, फावल्या वेळाचा आणि कानाच्या भुकेचा होता. रविवारी आणि सणावारी देवळात काही तरी ऐकायला हवं, लय हवी. म्हणून ते वाचलं जाई, गायलं जाई. रविवार आणि सण एवढ्यावर उभा असलेला ग्रंथ!

आणि याचा पुरावा वाचनालयाच्या भाषेत सांगायचा तर असा: त्या तिन्ही आवृत्त्यांची एकही छापील प्रत आज ज्ञात नाही. छापलेलं गेलं, हाती लिहिलेलं राहिलं. पोर्तुगीज सरकारनं १६८४ साली स्थानिक भाषा सोडून देण्याचं फर्मान काढलं, तरी गोव्यातून मंगळूर भागात गेलेल्या कुटुंबांनी हस्तलिखितं जपली. ज्या ग्रंथाची गरज वर्षातून ठरावीक दिवशी पडते, त्याची नक्कल घरात लागतेच. त्याच प्रतींवरून १९०७ साली जोसेफ सालढाणा यांनी मंगळूरला आवृत्ती काढली. देवनागरीतलं एक हस्तलिखित लंडनला, मार्सडेन यांच्या संग्रहात. पुण्यात शांताराम बंडेलूंची देवनागरी आवृत्ती १९५६ साली निघाली. तिची प्रत आमच्याकडे आहे, आणि सांगायला दुःख होतं, तिच्या कडा स्वच्छ आहेत. संशोधकांनी वाचलेल्या पुस्तकाच्या कडा अशाच राहतात.

याच काळात उत्तरेला काय चाललं होतं, तेही बघण्यासारखं आहे. १६०२ साली जेरोम झेवियर या जेझुइटानं अकबरासाठी फारसीत ख्रिस्तचरित्र लिहिलं. त्याची सचित्र प्रत दरबारी चित्रकारांनी केली, आणि आज ती अमेरिकेत क्लीव्हलँडच्या संग्रहालयात आहे. मुघलांना चित्रं मिळाली, मराठीला ओव्या. मुघलांची प्रत काचेमागे टिकली, ओव्यांची तोंडात. दोन्हींत मला कोणती हवी असं कोणी विचारलं तर, खरं सांगते, चोरून का होईना मी ते चित्रांचं पुस्तक उचलीन.

पुण्याकडे येऊ. इथे सण आधी आले ते फौजेबरोबर. पेशव्यांच्या लष्करातल्या कॅथलिक लोकांसाठी सवाई माधवरावांच्या कारकिर्दीत, १७९२ साली, क्वार्टर गेटजवळच्या सिटी चर्चला जागा मिळाली. पुढे इंग्रजांचं कॅम्प. तिथलं सेंट मेरीज चर्च १८२५ साली बिशप रेजिनल्ड हेबर यांच्या हस्ते देवाला वाहिलं गेलं. हेबर यांच्याबद्दल पुण्यात फक्त या एका ओळीपुरतं बोललं जातं, पण सणांच्या दृष्टीनं हा माणूस मोठा. इंग्लंडच्या चर्चमध्ये तेव्हा बायबलातल्या स्तोत्रसंहितेपलीकडची गीतं गावीत की नाही यावरच वाद होता. हेबर यांनी मात्र वर्षभरातल्या प्रत्येक रविवारासाठी आणि सणासाठी वेगळं गीत असावं म्हणून संग्रह रचायला घेतला. सहा जानेवारीच्या, बाळ येशूला बघायला पूर्वेकडून आलेल्या मागी लोकांच्या सणाचं त्यांचं गीत १८११ चं. १८२६ साली त्रिचनापल्लीत ते वारले आणि संग्रह दुसऱ्या वर्षी छापून आला. आमच्याकडची त्याची प्रत म्हणजे कॅलेंडरच, फक्त गाण्यांचं. एका गीताच्या पानात लवंग ठेवलेली होती. कोणी, का, देव जाणे. कीड लागू नये म्हणून असावी.

पेठेतला सण निराळा. गुरुवारातलं पंचहौदचं पवित्र नाम देवालय १८८५ चं. त्याचा मनोरा देवळापासून सुटा उभा आहे, आणि त्यातल्या घंटा पेठेतल्या सगळ्या धर्मांच्या माणसांना झोपेतून उठवतात. हे देवालय चालवणारे लोक इंग्लंडच्या चर्चमधल्या अशा गटाचे, की ज्यांना सणांचं, मेणबत्त्यांचं, उपवासकाळाचं भारी अगत्य. म्हणजे नगरचे अमेरिकन नाताळावर मौन राखून, आणि पुण्याचे हे साधू-साध्वी संतांचे दिवससुद्धा पाळणारे. पंडिता रमाबाईंची या साध्वींशी गाठ पुण्यातच पडली, आणि इंग्लंडात वाँटेजला त्यांच्याकडेच राहत असताना बाईंचा बाप्तिस्मा झाला तो २९ सप्टेंबर १८८३ रोजी. ही तारीख म्हणजे संत मायकेलचा सण. पुढे केडगावला बसून हिब्रू आणि ग्रीकवरून त्यांनी बायबल मराठीत आणलं, ते तिथल्याच बायकांनी छापलं. १९२४ साली ते बाहेर पडलं तेव्हा बाई जाऊन दोन वर्षं झाली होती. पंचहौद म्हटलं की पुणेकरांना मात्र १८९० सालचा चहाच आठवतो. लोकमान्य टिळक, रानडे आणि मंडळींनी मिशनमध्ये चहा घेतला, यादी छापून आली, प्रायश्चित्तापर्यंत गोष्ट गेली. त्या चहाबद्दल इतकं छापलं गेलं आहे, की त्या देवळातल्या उपासनेबद्दल त्याच्या शतांशही मराठीत मिळत नाही.

तर मराठी नाताळ. माझं मत असं, की तो छापखान्यातून आला नाही, कीर्तनातून आणि भजनातून आला. मिशनरी सण द्यायला नाखूश होते, पण मंडळीत आलेली माणसं सणांच्या घरातली होती. त्यांना जन्म म्हटला की पाळणा लागतो. रामाचा पाळणा, कृष्णाचा पाळणा बारशाला ज्यांनी म्हटला, त्या बायका बेथलेहेमच्या बाळापुढे गप्प बसतील? नगर भागात कृष्णराव सांगळे ख्रिस्ती कीर्तनं करत. मग रेव्हरंड नारायण वामन टिळक आले. १८९५ च्या फेब्रुवारीत त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि पुढच्या चोवीस वर्षांत त्यांनी मराठी उपासनेचा सूरच बदलला. अभंग आला, टाळ आला, इंग्रजी चालींवर ओढूनताणून बसवलेल्या ओळी मागे पडल्या. त्यांना ओवीबद्ध ‘ख्रिस्तायन’ पुरं करायचं होतं, ते सुरुवातीच्या अध्यायांवरच राहिलं. १९१९ साली ते गेले आणि राहिलेला मोठा भाग लक्ष्मीबाईंनी लिहून काढला. स्टीफन्सच्या तीनशे वर्षांनंतर ख्रिस्तकथा पुन्हा ओवीत, आणि या वेळी बहुतांशी एका बाईच्या हातची. ‘स्मृतिचित्रे’ सगळे वाचतात, वाचायलाच हवीत. पण त्याच बाईंचं हे दुसरं काम कपाटात मागच्या रांगेत जातं, याचं मला वाईट वाटतं.

‘उपासनासंगीत’ या मराठी गीतपुस्तकाच्या जुन्या प्रती मात्र ग्रंथालयाच्या कसोटीला उतरत नाहीत. त्यांचं बांधणं उसवलेलं, मुखपृष्ठ गेलेलं, मधली पानं दुसऱ्याच आवृत्तीतली. मागे एका संस्थेनं असा एक गठ्ठा ‘खराब प्रती’ म्हणून रद्दीत काढला. नाताळाच्या भागात बोटांच्या तेलानं कागद पारदर्शक झाला होता. माझ्या हिशेबानं त्या खोलीतलं ते सर्वांत बोलकं पुस्तक ठरलं असतं.

हस्तलिखितांचं तर त्याहून अवघड. पोथी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे हिंगूळ, हरताळ, रुमालात बांधलेलं दफ्तर येतं. पण मराठी ख्रिस्ती घरांतली हस्तलिखितं म्हणजे गाण्यांच्या वह्या. शंभर पानी, रेघांची, मागच्या पुठ्ठ्यावर पाढे छापलेली. फ्लॅट बदलताना त्या आधी जातात. आमच्या आत्याची वही मी मागून घेतली. त्यात नाताळाची, झावळ्यांच्या रविवारची, ईस्टरची, कापणीच्या सणाची गाणी आहेत. मध्येच फराळाचं सामान: रवा, खोबरं, वेलदोडे, डालडा. प्रत्येक गाण्यावर चाल लिहिलेली, कारण चाल लिहिली नाही तर गाणं नुसतं वाचायचं राहतं. एका नाताळगाण्याच्या वरची चाल निळ्या शाईनं गिचमिड खोडून तिथे काळ्या शाईत ‘चाल : भूपाळी’ असं केलेलं आहे. उजेडाला धरलं तरी खालचं वाचता येईना. म्हणून आत्याला फोन केला.

“अगं, ती तमाशातली होती,” आत्या म्हणाली. “पाळकसाहेब घरी यायचे होते, वही टेबलावर होती. तुझे काका म्हणाले, खोड.”

“मग नंतर भूपाळीवर म्हणायचात?”

“पाळकसाहेबांसमोर भूपाळीवर. करंज्या लाटताना भूपाळी म्हणून हात चालतो होय गं?”

आणि पंच्याऐंशीव्या वर्षी फोनवर तिनं ती मूळ चाल धरली, दोन कडवी ठेक्यात म्हटली, तिसऱ्याला दम लागला म्हणून थांबली. नोंदपत्रावर ‘टीप’ या रकान्यात मी दोन्ही चाली लिहिल्या आहेत.